मान धरते तेव्हा

शेतकऱ्याचं अंग कष्टानं घट्ट झालेलं असतं, मान आणि खांदे दुखतात ते खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचे, असा एक समज आपल्याकडे अजूनही पक्का आहे. पुणे जिल्ह्यात या समजाला आकड्यांनी उत्तर मिळालं ते भिगवणमध्ये. दौंड तालुक्याला लागून असलेलं, उजनीच्या पाण्याकाठचं हे इंदापूर तालुक्यातलं गाव. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी १९९६ साली तिथे घरोघर फिरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाखाली त्यांनी ४,०९२ प्रौढांना विचारलं की दुखतं का, कुठे दुखतं, किती दिवसांपासून दुखतं. १८.२ टक्के लोकांना हाडांचं, सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं होतं. गुडघे आणि कंबर आघाडीवर होती. मान त्यांच्यामागे, खांदे-मनगटांच्या रांगेत होती. ठळक नावाचे सांधेरोग त्यांत थोडे होते. झीज, मऊ भागांची दुखणी आणि ज्यांना नीट नावच देता येत नाही अशी दुखणी यांचा वाटा मोठा होता.

जगाचा हिशेबही याच अंगानं जातो. २०२० साली जगभरात सुमारे २० कोटी ३० लाख लोक मानदुखीनं त्रस्त होते असा अंदाज आहे, आणि २०५० पर्यंत हा आकडा २७ कोटींच्या घरात जाईल असं त्याच अभ्यासात म्हटलं आहे. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे दुखणं जास्त दिसतं. मानेनं माणूस मरत नाही, म्हणून सरकारी कागदांत तिला जागा नसते. दुखणाऱ्याची झोप जाते, खाडे पडतात, चिडचिड वाढते, आणि हे सगळं घरातल्या घरात जिरतं.

आता पाबळकडे येऊ. हे गाव कुणाला मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक असतं, कुणाला विज्ञान आश्रमामुळे. शिरूर तालुक्याचा हा टापू पावसाला कच्चा. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई या भागात उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण नेहमीची. खाली घोड आणि भीमेच्या काठी उतरलं की उसाचं हिरवं रान, दौंडच्या बाजूला गुऱ्हाळं आणि कारखाने. मधल्या पट्ट्यात शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगावच्या कंपन्या आणि पलीकडे चाकण. एकाच घरातली सासू कांद्याच्या वाफ्यात खुरपायला जाते, मुलगा पाळीवर कंपनीत जातो, सून घरी शिलाई मशीन चालवते. मान तिघांचीही दुखते आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मात्र तिघांनाही एकच शब्द मिळतो, ‘स्पॉन्डिलायसिस’, आणि एकच पट्टा.

मानेत सात मणके असतात. त्यांच्यावर साडेचार-पाच किलोचं डोकं दिवसभर तोलून धरायचं काम मानेच्या मागचे आणि खांद्यावर पसरलेले स्नायू करतात. डोकं सरळ असेल तर त्यांना फार झटावं लागत नाही. ते पुढे झुकलं की मागचे स्नायू ताणून धरावे लागतात. केनेथ हान्सराज या अमेरिकन शल्यचिकित्सकानं २०१४ साली गणित मांडलं की मान साठ अंश वाकवली तर मणक्यांवर सुमारे २७ किलोचा भार येतो. मोबाइलच्या दुष्परिणामांवरच्या प्रत्येक लेखात हा आकडा फिरतो. तो संगणकावर मांडलेल्या नमुन्याचा आहे, माणसांच्या दुखण्याची मोजणी करून काढलेला नाही. मोबाइलमुळेच मान दुखते असं ठामपणे दाखवणारा पुरावा कच्चा आहे. तरीही आपल्या भागात चर्चा मोबाइलचीच होते, आणि त्याच कोनात सहा-सात तास वाकून कांद्याची लागण करणाऱ्या बाईच्या मानेबद्दल कुणी बोलत नाही. हे मला खटकतं.

स्नायू आखडणं म्हणजे काय, हेही आपण समजतो तितकं सोपं नाही. सकाळी उठताना मान एका बाजूला धरते, हात लावला तर खवाट्याच्या वरच्या कोपऱ्यात गाठ लागते, वळायचं तर सगळं अंग वळवावं लागतं. जुनं स्पष्टीकरण असं की दुखलं म्हणून स्नायू आवळला, आवळला म्हणून आणखी दुखलं, आणि हे चक्र सुरू राहिलं. यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. सुई घालून स्नायूतली वीज मोजली तर ज्या जागी हाताला गोळा लागतो तिथे दर वेळी आकुंचन सापडतंच असं नाही. बऱ्याचदा तो भाग हुळहुळा झालेला असतो आणि मेंदू त्याची राखण करत असतो. म्हणून नुसता गोळा दाबून फोडण्यानं तासभर बरं वाटतं आणि संध्याकाळी मान पुन्हा धरते.

अचानक धरलेली मान बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत आपोआप सुटते. घरगुती उपायांची कीर्ती या एका गोष्टीवर उभी आहे. उशी उन्हात ठेवली, मानेवरून लाटणं फिरवलं, पायाळू माणसाचा पाय लावून घेतला, निरगुडीचा पाला गरम करून बांधला, मिठाची पुरचुंडी शेकली, आणि चौथ्या दिवशी मान सुटली. शेक आणि हलकं चोळणं यांनी खरोखर आराम पडतो, ते खुशाल करावं. उशी उन्हात ठेवल्यानं नुकसान काहीच नाही. मात्र सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान दोन्ही हातांत धरून कडकन मोडून घ्यायची जी सवय आहे ती सोडलेली बरी. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतला पापुद्रा अशा झटक्यानं फाटू शकतो आणि पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित घडतं, पण घडलं तर ते एखाद्या तरुण, धडधाकट माणसाला होतं आणि परत फिरवता येत नाही.

तीन महिने उलटले तरी दुखणं हटलं नाही की वैद्यक त्याला जुनाट म्हणतं, आणि इथून गणित बदलतं. इथपर्यंत आलेला माणूस बहुधा एक्स-रे काढून आलेला असतो. त्याच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: “मणक्यात गॅप आलाय.” हे वाक्य एकदा कानात बसलं की माणूस मान हलवायला भितो. जपाननं या भीतीला फार चांगलं उत्तर दिलं आहे. तिथे मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांच्या मानेचा एमआरआय काढला गेला. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधली चकती फुगलेली दिसली. विशीतल्या लोकांमध्येही हे प्रमाण मोठं होतं. म्हणजे चकती फुगलेली असते आणि माणूस सुखानं झोपलेला असतो. वयाप्रमाणे केस पांढरे होतात तसंच हे. फोटोत झीज दिसली म्हणून दुखणं त्या झिजेमुळेच आहे, असं म्हणता येत नाही. हे रुग्णाला शांतपणे समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं देणारा डॉक्टर मिळाला तर निम्मा उपचार तिथेच होतो, असं माझं मत आहे.

एवढं म्हटल्यावर ओझ्याचा प्रश्न बाजूला टाकता येत नाही, कारण या भागात मानेवर खरोखरीचं ओझं आहे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, कमरेवर कळशी. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे भांड्यासकट सोळा-सतरा किलो. १९८६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचा एक गाजलेला अभ्यास आला होता. आपल्या वजनाच्या एक पंचमांश इतका भार डोक्यावर किंवा कपाळाला पट्टा लावून नेताना त्यांना जादा शक्ती खर्चावी लागत नव्हती. बायकांच्या तोलाचं त्यातून कौतुक झालं, आणि झालंच पाहिजे. परंतु दम कमी लागतो याचा अर्थ मणके झिजत नाहीत असा नाही. सिएरा लिओनमध्ये डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांच्या मानेचे एक्स-रे पाहिले तेव्हा झीज इतरांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. दक्षिण आफ्रिका, घाना आणि व्हिएतनाम इथल्या पाहणीतही पाणी वाहून नेण्याचा आणि अंगदुखीचा संबंध पुढे आला. नळ दारात येणं ही गोष्ट आपण आरोग्य म्हणून मोजतो ती जुलाब आणि कावीळ टळते म्हणून. मान आणि पाठ वाचते हेही त्याच खात्यावर जमा व्हायला हवं.

उसाच्या फडात हे ओझं दुप्पट होतं. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या न्हावरे, पाटस, राहू या भागांत उतरतात. पुरुष तोडतो, बाई वाढे साळते, मोळी बांधते. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ती गाडीला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढते. फळी पायाखाली लवत असते. डोक्यावरचा भार पुढे किंवा मागे सरकू नये म्हणून मान ताठ आवळावी लागते, आणि वर पोहोचल्यावर एका झटक्यात मोळी टाकायची. दिवसभरात असं किती वेळा होतं ते ट्रॉली भरेपर्यंत कुणी मोजत नाही. पहाटेच उठून फडात जाणाऱ्या, पालात झोपणाऱ्या या बाईच्या उशाला बहुधा कपड्याचं बोचकं असतं. तिला “आराम करा, नीट उशी घ्या” असा सल्ला देणं म्हणजे तिचं ऐकून न घेणं.

ओझ्याला मर्यादा असावी हे काही नवं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ सालीच शिफारस केली की एका प्रौढ पुरुष कामगारानं हातानं उचलायचं जास्तीत जास्त वजन ५५ किलो असावं आणि बायकांसाठी ते त्याहून बरंच कमी. पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं शंभर किलोचं पोतं पन्नास किलोंवर यावं म्हणून वर्षानुवर्षं झुंज दिली. महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९ चा. मार्केट यार्डातल्या हमालाला संघटना होती म्हणून त्याच्या पाठीचा आणि मानेचा विचार झाला. ऊसतोड बाईच्या मोळीचं वजन किती असावं हे आजही टोळीच्या घाईवर ठरतं.

काही कामं वजनाची नसतात तरी मान खातात. ट्रॅक्टरवाल्याचं बघा. तोंड पुढे, हात स्टिअरिंगवर, आणि मान उजव्या खांद्यावरून मागे, रोटाव्हेटर किती खोल जातोय ते पाहत. उजवा हात हायड्रॉलिकच्या दांडीवर. एकरभर रान होईपर्यंत ही मान पिळलेलीच, वरून सीटचे हादरे. अशा चालकाची एकच बाजू आखडते, आणि तोही सांगतो की उजवीकडे बघताना कळ येते. सोळा लिटरचा फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्याचा पट्टा खांद्याच्या त्याच स्नायूवर रुततो ज्यानं मान धरून ठेवायची असते. वेल्डिंग करणारा पोरगा दोन्ही हात गुंतलेले असल्यानं मान झटकून डोक्यावरचं शिल्ड खाली पाडतो, टाक्यागणिक एकदा. कंपनीच्या लाइनवर डोक्याच्या वर हात करून नट आवळणाऱ्याचे खांदे तासाभरात कानाला लागतात. आणि पाबळ-शिक्रापूर रस्त्यावरून रोज मोटारसायकलनं ये-जा करणाऱ्याला प्रत्येक खड्डा मानेतच बसतो.

म्हणून तपासणीत पहिला प्रश्न कामाचा हवा. काय काम करता, कुठल्या बाजूला वळता, किती वेळ एका जागी मान धरता, हे विचारल्याशिवाय दिलेला पट्टा आणि गोळी म्हणजे अंदाजपंचे.

गोळ्यांबद्दल जरा थांबून बोलायला हवं. आपल्याकडे मान धरली की मेडिकलमधून जी पट्टी मिळते तिच्यात वेदनाशामकाबरोबर बहुधा स्नायू सैल करणारं औषध असतं, आणि त्यांत थायोकोल्चिकोसाइड फार चालतं. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१३ साली या औषधावर कडक बंधनं घातली. शरीरात त्यातून तयार होणारा एक पदार्थ गुणसूत्रांना इजा करू शकतो असं दिसलं, म्हणून तोंडानं घ्यायचं असेल तर सात दिवसांच्या वर नाही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना अजिबात नाही, आणि जुनाट दुखण्यासाठी तर नाहीच. आपल्या बाजारात हीच गोळी महिनोन्‌महिने ‘लागेल तशी’ खाल्ली जाते, ती देताना बाईला दिवस गेले आहेत का हेही विचारलं जात नाही. वेदनाशामकांचं तसंच. चार दिवस ठीक, पण उपाशीपोटी, उन्हात, कमी पाणी पिऊन काम करणाऱ्यानं ती रोज खाल्ली तर पोटात व्रण आणि मूत्रपिंडाला धोका, रक्तदाब असेल तर आणखी. जत्रेत किंवा बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या ‘जडीबुटी’च्या पुड्यांनी दुसऱ्याच दिवशी जादूसारखा गुण आला, तर आनंद मानू नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

पट्ट्याचा, म्हणजे गळ्याभोवतीच्या कॉलरचा, उपयोग ठरावीक आहे. मानेतली नस दबून हातात नुकतीच कळ उतरू लागली असेल तर तीन ते सहा आठवडे कॉलर लावून आराम केल्यानं फायदा होतो, हे नेदरलँड्समधल्या एका चांगल्या चाचणीत दिसलं आहे. त्याच चाचणीत व्यायामोपचारानंही तेवढाच फायदा झाला. नुसत्या जुनाट मानदुखीला मात्र वर्षभर कॉलर लावून हिंडणं नुकसानीचं आहे. जे स्नायू बळकट व्हायला हवेत तेच त्यानं लुळे पडतात.

मग काय करायचं? या प्रश्नाचं सगळ्यात भरवशाचं उत्तर व्यायाम हे आहे, आणि ते सगळ्यात कमी वेळा दिलं जातं. फिनलंडमध्ये जुनाट मानदुखी असलेल्या १८० महिला कर्मचाऱ्यांवर वर्षभराची चाचणी झाली, तिचा निकाल २००३ साली आला. मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंना नेमानं ताकदीचा किंवा दमाचा व्यायाम देणाऱ्या दोन्ही गटांचं दुखणं ठळकपणे उतरलं. नुसतं ताण देणं आणि चालणं-पळणं सांगितलेल्या गटाला तेवढा गुण आला नाही. मला अधिक महत्त्वाची वाटते ती डेन्मार्कची २०११ ची चाचणी. १९८ कर्मचारी, दहा आठवडे, रबरी पट्टीचा एकच व्यायाम. काहींना दिवसाला बारा मिनिटं, काहींना फक्त दोन मिनिटं. दोन मिनिटंवाल्यांचंही दुखणं कमी झालं, जवळजवळ बारा मिनिटंवाल्यांइतकंच.

ज्या घरात बाईला स्वतःसाठी अर्धा तास मिळणं शक्य नाही, तिथे दोन मिनिटं ही फार मोलाची बातमी आहे. पट्टी विकत घ्यायची गरज नाही. सायकलची जुनी ट्यूब कापून ती मधोमध दोन्ही पायांखाली दाबायची, टोकं दोन हातांत धरायची, कोपरं जराशी वाकवून हात दोन्ही बाजूंना खांद्याच्या उंचीपर्यंत सावकाश उचलायचे आणि तितक्याच सावकाश खाली आणायचे. जोर जास्त वाटला तर ट्यूब लांब धरायची. दुसरा व्यायाम भिंतीचा. पाठ टेकून उभं राहायचं, हनुवटी आत घेऊन डोक्याचा मागचा भाग भिंतीकडे न्यायचा, नजर समोर, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. तिसरा, तळहात कपाळाला लावून डोक्यानं हाताला आणि हातानं डोक्याला दाबायचं, मान जागची हलू द्यायची नाही. मग हेच दोन्ही कानांच्या बाजूंनी आणि मागून. पहिले काही दिवस थोडं ठणकेल. ठणका दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरत असेल तर व्यायाम बरोबर चालला आहे. हातात मुंग्या किंवा कळ उतरू लागली तर थांबून दाखवायला जायचं.

योगाचा अनुभवही इथलाच आहे. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, वीट, खुर्ची, लोड यांचा आधार देऊन आखडलेल्या शरीरालाही आसन करता येईल अशी पद्धत घडवली. तीच पद्धत जर्मनीत जुनाट मानदुखीच्या ५१ रुग्णांवर नऊ आठवडे वापरून पाहिली गेली, आणि घरी पुस्तिका पाहून व्यायाम करणाऱ्यांपेक्षा या गटाचं दुखणं जास्त कमी झालं. चाचणी लहान आहे, हे मान्य. मात्र दूरचित्रवाणीवर पाहून थेट शीर्षासन किंवा सर्वांगासन करायला जाणं हा योग नव्हे. दुखऱ्या मानेनं ही दोन आसनं टाळावीत.

जुनाट दुखण्यात मेंदूची दुखणं ओळखण्याची यंत्रणाच हळवी होऊन बसते. इजा भरलेली असते, इशारा चालू राहतो. झोप अपुरी पडली, कर्जाचा घोर लागला, घरात कलह असला की तोच इशारा मोठा होतो. याचा अर्थ दुखणं मनाचं आहे किंवा नाटक आहे, असा अजिबात नाही. “तुमच्या फोटोत काही नाही” असं ऐकून घरी परतलेल्या बाईला घरचे जेव्हा ढोंगी ठरवतात तेव्हा तिची मान आणखी धरते. तिला सांगायला हवं की दुखणं खरं आहे, आणि मान हलवल्यानं ती मोडणार नाही.

काही खुणा मात्र अशा आहेत की तिथे व्यायाम बाजूला ठेवून तडक मोठ्या दवाखान्यात जावं. ब्लाउजचं हुक किंवा शर्टाचं बटण लावता येईना, हातातून भांडी सुटू लागली, चालताना पाय अडखळू लागले, लघवीवरचा ताबा बिघडला, तर मज्जारज्जू दबला असण्याची शंका घ्यावी. मान पुढे वाकवली की पाठीतून पायांपर्यंत वीज सळसळत जाते, हीही तशीच खूण. तापाबरोबर वजन घटत असेल आणि रात्री दुखणं वाढत असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची शंका घ्यावी, तो आपल्याकडे आजही असतो. झाडावरून, गाडीवरून किंवा बैलगाडा शर्यतीत पडून मान दुखू लागली तर त्या माणसाला उठवून, पाणी पाजून मोटारसायकलवर बसवू नये. मान न हलवता आडवा ठेवून रुग्णवाहिका बोलवावी, १०८ क्रमांक त्यासाठीच आहे. छातीत दाब, घाम आणि मान-जबड्यात कळ असेल तर ते हृदय समजावं. आणि डोकं आपोआप एका बाजूला ओढलं जात असेल, हनुवटीला बोट लावलं की थोडं सुटत असेल, तर तो निराळा चेताविकार आहे. त्याला बोट्युलिनमची इंजेक्शनं लागू पडतात, मालिश नाही.

मुंग्या येणं आणि बधिरपणा यांच्या बाबतीत शिरूर तालुक्याकडे स्वतःचं ज्ञान आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्य केंद्र आहे. त्याच परिसरातल्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला, आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. बी-१२ ची मोठी कमतरता चेतातंतूंना आणि मज्जारज्जूला इजा करते. हाताच्या मुंग्यांचं खापर दर वेळी मणक्यावर फोडण्याआधी ही रक्ततपासणी करून घ्यावी. दूध-दही-अंडं परवडणं हाही प्रश्न त्याला जोडलेला आहेच.

अडचण उपचार माहीत नसण्याची नाही, ते मिळण्याची आहे. फिजिओथेरपिस्ट पुण्यात चौकाचौकात आहेत, पाबळच्या आसपास एका खेपेला दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं जातं. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. दर आठवड्याला व्यायाम शिकायला जाणाऱ्याला तिचा आधार नाही. म्हणजे मणक्याच्या शस्त्रक्रियेला पैसे मिळू शकतात, शस्त्रक्रिया टाळणाऱ्या व्यायामाला नाहीत. हे उलटं आहे आणि ते बदललं पाहिजे. आरोग्यवर्धिनी केंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना हे तीन व्यायाम आणि वरच्या धोक्याच्या खुणा शिकवायला महागडी यंत्रं लागत नाहीत.

दुसरी बाजू अवजारांची. डॉ. श्रीनाथ कलबागांनी हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून १९८३ साली पाबळमध्ये विज्ञान आश्रम उभा केला. गावातल्या गरजेवर गावातच साधन बनवायचं आणि बनवता बनवता शिकायचं, हा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे साधनं घडवण्याची कार्यशाळा, २००२ साली इथेच सुरू झाली. वाकून करायच्या खुरपणीसाठी लांब दांड्याचं, उभ्यानं चालवायचं कोळपं, वेल्डिंगचं टेबल कोपराच्या उंचीला, ट्रॅक्टरला मागचं अवजार दाखवणारा आरसा, पाणी डोक्यावर न घेता ढकलत नेता येईल असा ड्रम, मोळी वर चढवणारी साधी कप्पी, ही कामं याच कार्यशाळांच्या आवाक्यातली आहेत. माझ्या मते या भागातल्या मानदुखीचा मोठा इलाज दवाखान्यापेक्षा अशा कार्यशाळेत जास्त आहे.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या साखर कारखान्यांच्या संचालकांना म्हणूनच एक विनंती आहे. येत्या गाळपाला टोळ्यांशी करार करताना मोळीचं वजन वीस किलोंच्या वर जाणार नाही असं त्यात लिहा, फळीच्या जागी कठडा असलेली रुंद शिडी द्या, आणि हंगामात फडावर जाणाऱ्या आरोग्य पथकाबरोबर एक फिजिओथेरपिस्ट पाठवा.